थांबल्याची चिठ्ठी

गेल्या महिन्यात वर्ध्याला एका कार्यशाळेत मी अनुदानाचे प्रस्ताव आणि अहवाल कसे लिहायचे ते शिकवत होतो. हो, मी शिकवतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. चहाच्या सुट्टीत एक नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी कप घेऊन जवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, अहवालात थोडं इकडचं तिकडं चालते न जी?" मी काहीतरी गोलमाल उत्तर दिलं. ती समाधानानं निघून गेली आणि मी चहावर साय येईस्तोवर डेकाटे बाईंचा विचार करत तसाच उभा राहिलो.

बाईंची आणि माझी गाठ पडली ती एका छोट्या संस्थेत. वर्ध्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक कुरकुरणारा पंखा, आणि भिंतीला लावलेल्या पुस्तकांच्या पत्र्याच्या पेट्या. समुद्रपूर तालुक्यातल्या वीसेक जिल्हा परिषद शाळांत आम्ही 'वाचनतास' चालवायचो. मुंबईची एक फाउंडेशन तीन वर्षांचं अनुदान द्यायची. पुस्तकं, पेट्या, शिक्षकांची प्रशिक्षणं, आमचे पगार, सगळं त्यातच. माझं काम अहवाल लिहिणं. बाईंचं काम बाकी सगळं.

त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. बुटक्या, सुती साडी, मनगटात पुरुषी मोठं घड्याळ, खांद्याला कापडी पिशवी. लग्न केलेलं नाही. काऊन नाही केलं, असं विचारायची कुणाची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर आम्हाला तेवढी पर्वाही नव्हती. ऑफिसात त्या आल्या की दोन मिनिटांत पेट्या उघडून फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसायच्या. गप्पांत यायच्या नाहीत. वाढदिवसाचा केक कापला की आपला तुकडा कागदात गुंडाळून पिशवीत टाकायच्या.

शाळेत शिरताना मात्र वेगळ्याच. आधी वर्गाबाहेरच्या चपला पाहायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्यासोबत गेलो तेव्हा मला वाटलं, बाईंची चप्पल हरवली. त्या म्हणाल्या, "सहावीच्या तीन पोट्ट्या नाई आल्या आज. कापूस येचाले गेल्या असन." आत जाऊन हजेरी पाहिली, तर सहावीच्याच तिघी गैरहजर. कुणाची चप्पल कशी, कुणाचा अंगठा तुटला, कुणी मोठ्या भावाची घालून येतं, हे त्यांना वीस गावांतलं पाठ. माणसांचे चेहरे मात्र विसरायच्या. आमच्या संचालक साहेबांना त्यांनी एकदा पुलगाव स्टेशनवर ओळखच दिली नाही. साहेब महिनाभर फुगून बसले होते.

आता त्या चिठ्ठीचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरूनच झालं.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानाला बाई एक लांबट कोरी चिठ्ठी चिकटवायच्या. पुस्तक परत करताना पोरानं तिच्यावर नाव लिहायचं, कोणत्या पानावर थांबला ते लिहायचं, आणि वाटलं तर कशापायी थांबला तेही. पुस्तक पूर्ण वाचलं का, हे बाई कधीच विचारायच्या नाहीत. त्यांचा एकच प्रश्न. "कुठं थांबला?" त्यात रागाचा सूर नसायचा. पाहुण्याला आपण विचारतो न, कुठवर पोचले होते, तसा.

त्या चिठ्ठ्या मी अहवालासाठी गोळा करायचो आणि वाचत बसायचो. 'पान ९. बकरी दाव्यातून सुटली.' 'पान २२. लाईन गेली.' 'पान ५. पुढं चित्र नाही.' 'पान १४. लहान्या भावानं रडून मागतलं.' एका पोरानं लिहिलं होतं, 'पान ३०. लय आवडलं म्हणून ठेवून देलं.' ही चिठ्ठी दाखवली तेव्हा बाईंनी ती माझ्या हातातून घेतली, दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "पाह्य. याले समजलं." काय समजलं ते मला समजलं नाही, पण मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

शिक्षकांच्या प्रशिक्षणातही त्यांचा हाच खाक्या. इतर ठिकाणी प्रशिक्षण म्हणजे पडद्यावर चित्रं, गटचर्चा, गाणी आणि दुपारी मसालेभात. बाई समुद्रपूरच्या त्या सभागृहात येऊन प्रत्येकाच्या हातात एकेक पातळ पुस्तक द्यायच्या. "एक तास. कोनी बोलायचं नाई. मोबाईल पिशवीत." मग स्वतः कोपऱ्यात बसून वाचायला लागायच्या. पहिल्या दहा मिनिटांत अर्धे गुरुजी खिडकीबाहेर पाहायला लागत. तास संपला की चिठ्ठ्या भरायच्या.

राऊत गुरुजी म्हणून एक होते, वीस-बावीस वर्षांची नोकरी झालेले. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'पान २. डोळा लागला.' कुणीतरी ती मोठ्यानं वाचली. सगळं सभागृह खदाखदा हसलं. बाई हसल्या नाहीत. तेव्हा गुरुजी उभे राहिले, कान लाल झालेले, आणि म्हणाले, "बाई, खरं सांगू का? पाठ्यपुस्तक सोडून मी जिंदगीत एक पुस्तक पुरं वाचलं नाई. पोट्ट्याइले मात्र रोज सांगतो, वाचा म्हनून."

मला वाटलं, आता बाई उपदेश करतील. त्या म्हणाल्या, "पुस्तक बरं नसन. दुसरं घ्या. आन हे जे आता सांगलं न गुरुजी, हे वर्गात सांगजा. पोट्टे मंग तुमच्याजवळ खरं बोलतीन."

राऊत गुरुजींनी वर्गात सांगितलं की नाही, ठाऊक नाही. पण त्यांच्या शाळेतल्या चिठ्ठ्या सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत खऱ्या यायला लागल्या, हे मी पाहिलं आहे.

बाईंबद्दल मला जे थोडंफार कळलं ते जामच्या चौरस्त्यावर. परतीची एसटी चुकली होती आणि दोन तास दुसरी नव्हती. बाईंनी डबा उघडला. चार पोळ्या, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. दोन पोळ्या माझ्या पुढ्यात ठेवल्या.

"तुम्हाला कसं माहीत, मी सोबत राहीन म्हणून?" मी विचारलं.

"तुह्यासाठी नाई आणल्या. दोन जास्तच होतात. आईच्या. हात आयकत नाई."

आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. नाचणगावला आईच्या दोन खोल्यांत बाई एकट्याच राहायच्या. म्हातारीची नजर गेली होती. शाळेतून आलं की दिवेलागणीला बाई तिला पुस्तक वाचून दाखवायच्या, किती वर्षं ते त्यांनी सांगितलं नाही. म्हातारीची एक खोड. गोष्ट ऐन रंगात आली की ती हात वर करायची. "थांब. इथं थांब. उद्यासाठी ठेव."

"मले राग येई," बाई म्हणाल्या. "मले पुढं वाचायचं राहे. मंग समजलं, तिले उद्या पाह्यजे होता. पुस्तकासाठी नाई, उद्यासाठी."

"आता कोण थांबवतं तुम्हाला?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "आता कोन थांबवते. आता मी घरी वाचतच नाई."

उरलेला वेळ मी त्या बाकावर एसटीच्या वाटेकडे पाहत बसून राहिलो. मला खूप अवघडल्यासारखं झालं होतं. एसटी आली तेव्हा मी देवाचे आभार मानले, हे कबूल करतो.

तिसरं वर्ष संपायला आलं. पुढची तीन वर्षं मिळणार की नाही, हे शेवटच्या अहवालावर ठरणार होतं. फाउंडेशनच्या तक्त्यात एक रकाना होता, प्रत्येक मुलानं पूर्ण वाचलेली पुस्तकं. मी तक्ता घेऊन बाईंकडे गेलो. त्या पेटीवर वाकून खळ लावत होत्या.

"थांबल्याचं कुठं लिहाचं यात?"

"थांबल्याचा रकानाच नाही, बाई."

"मंग रकाना चुकला त्याइचा."

"बाई, रकाना त्यांचा, पैसे त्यांचे. 'पूर्ण वाचलं' असं लिहायला सांगा न पोरांना. दोन शब्दांचा तर प्रश्न आहे."

त्यांनी ब्रश खळीच्या वाटीत ठेवला. "पोट्टे आत्ता कुठं खरं लिवायले लागले. आन आपनच त्याइले खोटं शिकवाचं? कायले गेलतो मंग आपन त्या गावाइत?" मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "हे चालू राह्यलं पाह्यजे, मनोज. तू कर काहीतरी. तुले लिहिता येते चांगलं. हे बंद पडलं तर सकाळी उठून मी जाऊ कुठं?"

हे शेवटचं वाक्य त्या इतक्या साध्या आवाजात बोलल्या की मी तक्ता घेऊन परत जागेवर आलो. आणि ठरवून टाकलं. मी दुकानदाराचा पोरगा. समुद्रपूरच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान. थान उलगडताना डागाची बाजू आपल्याकडे ठेवायची, हे मी शाळेत जायच्या आधी शिकलो. त्या रकान्यात मी जेवढी पुस्तकं पोरांच्या घरी गेली तेवढी सगळी पूर्ण वाचली म्हणून भरून टाकली. साहेबांनी वरवर पाहिलं, "झकास," म्हणाले आणि सही केली. बाईंना मी तक्ता दाखवला नाही. मी बाईंसाठीच करतोय, असं मला मनापासून वाटत होतं. आपल्या सोयीचं आणि दुसऱ्याच्या भल्याचं एकच निघालं की माणूस फार खुशीत असतो.

फाउंडेशनच्या मॅडम भेटीला आल्या. शाळा आम्हीच निवडली होती, राऊत गुरुजींची. चांगली माणसं होती ती, मला त्यांच्यात खोट काढायची नाही. मॅडम खाली सतरंजीवर बसल्या, पोरांशी बोलल्या. मग पेटीतून एक पुस्तक काढून त्यांनी आचल नावाच्या पोरीला विचारलं, "हे तू पूर्ण वाचलंस?"

"नाई जी. सतरा पानावर थांबली मी."

"का गं?"

"त्याच्यातली माय आजारी पडते. मले वाटलं, मरते आता. म्हनून नाई वाचलं."

मॅडमनी मागची चिठ्ठी पाहिली. पान १७. मग दुसरं पुस्तक काढलं. तिसरं. मांडीवर माझा अहवाल उघडा होता, आणि त्यात या शाळेपुढे सगळ्यांनी सगळं वाचलेलं होतं. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "हे कुणी भरलं?"

मी दाराशी उभा होतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराबाहेरच्या चपलांकडे पाहिलं. पुढच्या महिन्यात माझं लग्न होतं.

बाईंनी अहवाल हातात घेतला. तो रकाना त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. बोटानं वरपासून खालपर्यंत गेल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "शाळेच्या नोंदी माह्याकडं राह्यतात, मॅडम. माह्याकडून झालं ते."

जीपमध्ये आम्ही मागच्या सीटवर समोरासमोर बसलो. मी म्हणालो, "बाई, मी..." त्यांनी हात वर केला. म्हातारी करायची म्हणून त्यांनी सांगितलं होतं, अगदी तसाच.

"तुले अजून लय नोकऱ्या कराच्या हाय," त्या म्हणाल्या. "मले कोन इचारते आता." मग डबा काढत म्हणाल्या, "आचल खरं बोलली पण. नाई?" आणि डब्यातल्या दोन पोळ्या माझ्या पुढ्यात ठेवल्या. मी त्या खाल्ल्या. त्या घशाखाली कशा उतरल्या असं लिहायचा मोह होतो, पण भूक लागली होती, उतरल्या.

अनुदान थांबलं. पत्रात लिहिलं होतं, मुलांचं वाचन समाधानकारक आहे, परंतु नोंदींवर विश्वास ठेवता येत नाही. पोरं थांबतात याचा त्यांना काहीच राग नव्हता. खरा तक्ता पाठवला असता तर कदाचित रकानाच बदलला असता. हे पत्र मी कितीदा वाचलं असेल, सांगता येणार नाही.

बाईंना कार्यमुक्तीचं पत्र द्यायला मी नाचणगावला गेलो, कारण पोस्टानं पाठवा असं साहेब म्हणाले आणि मला ते सहन झालं नाही. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आईची रिकामी खाट, गादी नीट घातलेली, आणि खाटेकडे तोंड करून एक खुर्ची. बाई त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, मलाही बसू दिलं नाही, सतरंजी अंथरली. मी कबुली देणार होतो, माफी मागणार होतो, रस्ताभर वाक्यं जुळवली होती. पत्र दिलं, चहा प्यायलो आणि लग्नाच्या फोटोंबद्दल बोलत बसलो.

निघताना बाईंनी आतून एक जुनी कादंबरी आणली. मागं चिठ्ठी चिकटवलेली असणार, हे न पाहताच कळलं. "वाच. मंग सांगजो मले," एवढंच म्हणाल्या.

मी ती घरी आणून कपाटावर ठेवली. वाचायची म्हटलं की बाई आठवायच्या, आणि बाई आठवल्या की तो तक्ता. मला वर्ध्यातच दुसऱ्या, मोठ्या संस्थेत नोकरी लागली. पगार वाढला. पुस्तक धूळ खात राहिलं.

दीडेक वर्षानं एका दुपारी वर्ध्याच्या बसस्टँडवर बाई दिसल्या. चंद्रपूरच्या बसजवळ उभ्या, सोबत एक मोठी बॅग आणि दोरीनं बांधलेलं एक खोकं. चेहरे विसरणाऱ्या बाईंनी मला लांबूनच ओळखलं. कदाचित चपलेवरून असेल. मी धावत जाऊन सामान वर चढवलं. त्या खिडकीशी बसल्या. मी खाली उभा.

"वाचलं काय ते?"

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हो बाई. पूर्ण वाचलं."

त्या खिडकीतून जरा पुढं झुकल्या. कुठं थांबला, असं या वेळी त्यांनी विचारलंच नाही. "मंग त्या दोघी बहिणी भेटतात काय शेवटी?"

मागं फिरायला अजून जागा होती. एवढंच म्हणायचं होतं, नाही वाचलं, बाई. तेही नाही वाचलं, आणि तो तक्ताही मीच... पण कंडक्टरनं घंटी मारली. मी म्हणालो, "भेटतात, बाई."

बाईंचा चेहरा असा उजळलेला मी तीन वर्षांत पाहिला नव्हता. "आईले तेच वाटे," त्या म्हणाल्या. "भेटतीनच म्हने."

घरी येऊन मी कपाटावरचं पुस्तक काढलं. मागच्या चिठ्ठीवर बाईंच्या अक्षरात एकच ओळ होती. 'पान ४१. आई थांब म्हणाली.' त्याखाली काही नाही. त्या पानाच्या पुढं बाई गेल्याच नव्हत्या.

दोन दिवसांत मी कादंबरी वाचून काढली. बहिणी भेटत नाहीत. शेवटच्या प्रकरणात दोघी एकाच बाजारात येतात, एक दुसरीला टोपलीचा भाव विचारते, महाग वाटतो म्हणून पुढं निघून जाते, आणि पुस्तक संपतं.

मी नाचणगावला गेलो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई तं गेल्या न चंद्रपूरले, भाचीकडं. कायमच्याच. घर इकलं त्याइच्या भावानं. तुमाले नाई सांगलं काय?" एवढं सामान मी स्वतः बसमध्ये चढवलं होतं, आणि कुठं चालल्या, किती दिवसांसाठी, हे विचारलं नव्हतं.

बाईंचा नंबर माझ्याकडे आहे. लावत नाही. खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, आणि मग त्या बहिणी भेटल्या नाहीत हेही. स्वतःला मी असं समजावतो की त्यांचं सुख कशाला मोडा. ही पळवाट आहे, ते मला कळतं. चिठ्ठीवर बाईंच्या ओळीखाली माझी जागा अजून कोरी आहे.

ती बस निघाली तेव्हाचं एक राहिलं. वळण घेताना खिडकी पुन्हा माझ्यासमोर आली. मी हात केला, पण बाईंचं लक्ष नव्हतं. त्या मान वळवून बोलत होत्या, हळूहळू, आनंदानं, एखाद्याला बऱ्याच दिवसांची राहिलेली गोष्ट सांगावी तशा. त्यांच्या शेजारची सीट रिकामी होती.